अलमेलूमामींच्या पालिका आणि मंदारचं एनर्जी ड्रिंक

माझ्या हाताला गुण आहे. हे मी नाही म्हणत, अख्खी मिरज म्हणते! मी अंगणात नुसता खराटा उभा करून ठेवला तरी त्याला पालवी फुटते. मिरजेला आमच्या परड्यात मी लावलेला भोपळा एवढा वाढला होता, की पोस्टमन रोज दुपारी त्याच्या सावलीला बसून डबा खायचा. शेवटी तो भोपळा चिरायला वखारीतून करवतवाला बोलवावा लागला! खोटं वाटतं? वाटू दे. पोस्टमन आता हयात नाही, नाहीतर त्यालाच पुढे केला असता.

तर असा हा हात घेऊन मी चेन्नईला आले. आमच्या ह्यांची, म्हणजे काशिनाथरावांची, टायरच्या कारखान्यात नोकरी. प्रयोगशाळेत रबर ताणून बघायचं काम. माणूस इतका मापात राहणारा, की अजून चहात साखर घालताना चमचा डोळ्यासमोर धरून सपाट करतो. निवृत्त झाले, आम्ही अड्यारलाच राहिलो, आणि आता नातू मंदार आमच्याकडे असतो. तो शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरवाला. अमेरिका उठली की हा उठतो, अमेरिका झोपली की हा झोपतो.

आता मुद्द्यावर येते. सांगायला लाज वाटते, म्हणून जरा भोपळ्याच्या आडून येत होते.

आमच्या वरच्या मजल्यावर अलमेलूमामी राहतात. तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी ऐकली की वाटतं, आपण एखाद्या जुन्या दरबारात उभे आहोत आणि बाजूला कोणीतरी सांबार ढवळतंय. त्यांच्या नातीचं, हरिप्रियाचं, लग्न ठरलं होतं. पोरीचं आधी एकदा ठरून मोडलेलं. पत्रिका छापून झालेल्या, आणि मुलाकडच्यांनी फोनवर नको सांगितलं. तेव्हापासून मामींनी ह्या लग्नाचा इतका धसका घेतला होता, की दारावरची घंटा वाजली तरी दचकायच्या.

शुक्रवारी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले. पंधरा-वीस बायका. विषय निघाला पालिकांचा. पालिका म्हणजे मातीची पसरट वाडगी हो, पाच. त्यात भिजवलेलं नवधान्य पेरायचं, सवाष्णींनी पाणी-दूध शिंपडायचं. मामींच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या काही दिवस आधीच पेरायचं आणि उगवलेल्या पालिका मांडवात मांडायच्या.

"पालिका भरून उगवल्या म्हणजे पोरीचा संसार भरला," मामी म्हणाल्या. "पण घरांत रंगाचं काम चाललें आहे. वास, धूळ. कुठें ठेवूं, कळत नाहीं."

माझी जीभ वळवळली. आवरायला हवी होती. पण वीस बायका समोर बसलेल्या, आणि हातात गरम सुंडल, हरभऱ्याची उसळ हो!

"मला द्या!" मी म्हटलं. "माझ्या बाल्कनीत ठेवते. माझा हात लागला की धान्य रात्रीतून टाचा उंचावून उभं राहतं! मिरजेला एकदा मी गव्हाच्या कोठीवर नुसता हात ठेवला, तर सकाळी झाकण वर उचललेलं!"

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मामींनी एक क्षण तोंड उघडलं, मग मिटलं.

"सरी, रत्नामामी," त्या म्हणाल्या. "तुम्हींच पाहून घ्या."

मी छाती फुगवून पाच वाडगी आणि भिजवलेल्या नवधान्याचं पातेलं घेऊन जिना उतरले. पेरून झालं तरी निम्मं धान्य उरलं.

बाल्कनीतून आत आले तर घरात महायुद्ध.

"हे विष आहे, विष!" हे ओरडत होते. हातात मंदारचा एनर्जी ड्रिंकचा डबा. "दिवसाला तीन! तुझं काळीज आहे की मिक्सर?"

"आजोबा, हे प्यायलं की मेलेला माणूस उठून लॅपटॉप उघडतो," मंदार म्हणाला. "माणसालाच काय, झाडाला घातलं तरी झाड पळेल!"

"घालून बघू?"

"घाला ना!"

"पैज?"

"पैज!"

हे आयुष्यात कधी पत्त्यांवरसुद्धा पैज लावत नाहीत. पण त्या दिवशी लावली. दोन ट्रेमध्ये बी पेरायचं. एकाला पाणी, एकाला एनर्जी ड्रिंक. ड्रिंकवालं बी मागे पडलं, तर मंदारने त्या डब्यांना पुन्हा हात लावायचा नाही. आणि ड्रिंकवालं पुढे गेलं, तर ह्यांनी ह्या विषयावर जन्मात परत तोंड उघडायचं नाही.

मी माझं उरलेलं नवधान्य दिलं. मग ह्यांनी काय केलं असेल? पट्टी काढली! दोन्ही ट्रेमध्ये ओळी आखून पेरणी. गव्हाची ओळ, मुगाची ओळ, चवळीची ओळ, दोन दाण्यांत बोटभर अंतर. आपल्या शाळेतली मुलंसुद्धा कवायतीला इतकी सरळ उभी राहत नाहीत. चार-पाच डबे ओतून, फेस बसू देऊन, ड्रिंक सरबताच्या काचेच्या बाटलीत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. पिवळंधमक. रोज सकाळी मोजून घालणार.

"तू पंच," हे मला म्हणाले. "तुझ्यावर दोघांचा विश्वास आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर अजून झोपताना आठवतं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ह्यांच्या दोन्ही ट्रेमध्ये बारीक पांढरे कोंब दिसायला लागले. आणि माझ्या पालिका? ढिम्म! उत्साहाच्या भरात मी जरा पाणी जास्त घातलं होतं. जरा म्हणजे, दर तासाला. धान्य बिचारं बुडालेल्या म्हशीसारखं वर बघत होतं.

मी घाबरले. वर मामींच्या घरी पाहुणे यायला लागलेले. कुंभकोणमहून त्यांच्या नणंदबाई, तुळसीअत्या, येणार होत्या. त्या म्हणे पालिका बघून संसार सांगतात! आणि इथे माझ्या वाडग्यांत नुसता चिखल.

तेवढ्यात मंदार जांभई देत आला, एक डबा घशात ओतला, आणि टुणकन उडी मारून कामाला लागला. बस्स! माझ्या डोक्यात दिवा पेटला. ह्याला उठवतं ते, तर मुगाला नाही उठवणार?

फ्रिजमधली बाटली काढली. पालिकांना दोन-दोन चमचे घातले. मग वाटलं, लग्नाचं काम आहे, हात आखडता कशाला? वाटीभर घातलं. बाटली अर्धी रिकामी झाली! आता ह्यांना कळणार, ते तर बाटलीवर पेनाने खूण करणारे! मग काय, बाटलीत नळाचं पाणी घातलं. रंग उतरला. चिमूटभर हळद टाकली, हलवली, आला की रंग! अगदी तस्साच. मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाटलीत ड्रिंकचा थेंब उरला नव्हता. शुद्ध हळदीचं पाणी! हे रोज सकाळी चष्मा लावून, चमचा सपाट करून, हळदीचं पाणी ट्रेमध्ये घालत होते.

आणि माझ्या पालिका? अहो, काय सांगू! आधी मुंग्या आल्या. एक-दोन नाही, सगळं खानदान! बाल्कनीपासून हॉलपर्यंत अशी रांग, की मध्ये टोलनाका बसवला असता तर रस्ता बांधून झाला असता. मग वास सुटला, चार दिवस विसरलेल्या इडलीच्या पिठासारखा. मग बुरशी आली. पांढरी, मऊ, फुगलेली. गणपतीच्या मखराला कापूस लावतात ना, तशी! नवधान्य त्या कापसाखाली कायमचं झोपलेलं.

नेमक्या त्याच वेळी मामी खाली आल्या.

"रत्नामामी, एकदां पाहूं की पालिका?"

मी बाल्कनीच्या दाराला पाठ लावून उभी. "आत्ता नको! दृष्ट लागेल!"

"माझी दृष्ट?"

"कोणाचीही! कोवळे कोंब लाजतात हो. मिरजेला एकदा एक पाहुणी डोकावली, तर वाटाणा परत जमिनीत गेला!"

मामींनी खाली बघितलं. त्यांच्या पायाशी मुंग्यांची मिरवणूक चाललेली. "अय्यो, ह्या मुंग्या?"

"लक्ष्मी!" मी म्हटलं. "लग्नघराची लक्ष्मी चालत येते म्हणतात ती हीच!"

मामी नाकाला पदर लावून, मुंग्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने जिना चढून गेल्या. त्यांची पाठ बघून मला वाटलं, आत्ता हाक मारावी, सांगून टाकावं. पण मी बाल्कनीचं दार आणखी घट्ट लावलं.

संध्याकाळी पैजेचा निकाल. आता तुम्ही म्हणाल, निकाल काय लागणार! पाण्याच्या ट्रेला चेन्नईच्या दमट हवेत थोडी बुरशी लागलेली, कोंब मरगळलेले. आणि 'ड्रिंक'चा ट्रे? हळदीने बुरशी जवळ फिरकलीच नव्हती! हिरवागार, बोटभर उंच, ओळीत उभा.

"येस्स!" मंदार सोफ्यावर चढला. "आजोबा, बघा! झाड पळालं!"

ह्यांनी पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून पुसला, घातला, आणि तिसऱ्यांदा मोजलं. चेहरा इतका पडला, की मला बघवेना.

"मी चुकलो," हे म्हणाले. "मंदार, तुझं बरोबर होतं. मी उगाच तुझ्या मागे लागलो. माफ कर."

माफ कर! आमचे हे! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी 'माफ कर' म्हणाले नाहीत, भांड्यांच्या कपाटाखाली माझा पाय सापडला तेव्हासुद्धा नाही!

"पंच काय म्हणतात?" मंदारने विचारलं.

"निकाल... दिसतोच आहे," मी म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डब्यांची झाकणं लावत बसले.

मंदारने तेवढ्यात फोनवरून एनर्जी ड्रिंकचा अख्खा खोका मागवला. हे पैज हरलेले, नुसते बघत राहिले. रात्री मंदारचा हात बघितला मी, चहाचा कप धरताना थरथरत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? नातवाला सांगितलं की ह्यांना कळणार, ह्यांना कळलं की मामींना कळणार, आणि मामींना कळलं की चेन्नईतला प्रत्येक मराठी माणूस मला रस्त्यात ओळख देणं बंद करणार!

लग्नाच्या आदल्या दुपारी हे म्हणाले, "तो ट्रे टाकून दे. मला बघवत नाही." आणि वामकुक्षीला गेले.

टाकून दे? एवढं सोन्यासारखं हिरवं नवधान्य? आणि बाजूला माझी पाच वाडगी कापूस पांघरून बसलेली?

मी कालथा घेतला. वाडगी घासून धुतली. ट्रेतल्या मातीच्या ढोकळ्यासारख्या पाच वड्या कापल्या आणि एकेक वाडग्यात अलगद बसवली. दिसायला काय सुंदर! ताबडतोब वर नेऊन दिल्या. मामी बघतच राहिल्या.

"काल तर तुम्हीं दाखवल्या नाहींत..."

"म्हटलं नव्हतं, रात्रीतून टाचा उंचावतात!"

मामी हसल्या. पण हसू ओठांवरच थांबलं, डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी घाईत होते, लक्ष दिलं नाही.

लग्नाचा दिवस. मंडपात नादस्वरम वाजतंय, फिल्टर कॉफीचा वास सुटलाय, मी माझी मोरपिशी कांजीवरम नेसून सवाष्णींच्या ओळीत पहिली. हरिप्रिया पालिकांसमोर बसलेली, मान खाली. आम्ही दूध-पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि तुळसीअत्यांनी चष्मा लावला.

"अलमेलू," त्या म्हणाल्या, "हें कसें? पेरणी विखरून असते. इथें गहूं गव्हाजवळ, मूग मुगाजवळ. शिपायांसारखे ओळींत उभे!"

माझ्या हातातलं भांडं थांबलं.

"देवाची करणी!" मी म्हटलं. "शुभ लग्नात धान्यसुद्धा शिस्तीत—"

"एक मिनिट," मागून आवाज आला. हे. ते खुर्चीतून उठून पुढे आले, वाकले आणि चक्क बोट लावून अंतर मोजलं. "ही माझी ओळ आहे."

"आजोबा, हो की!" मंदार आनंदाने ओरडला. त्याला कळेना की कुठे ओरडावं! "हा तर आपला एनर्जी ड्रिंकवाला ट्रे! अत्या, हे एनर्जी ड्रिंकवर वाढलेत! म्हणून एवढे जोरात!"

नादस्वरमवाल्याने सूर सोडला. तुळसीअत्यांनी हात मागे घेतला, जणू वाडग्यात विंचू होता.

"पालिकांना काय घातलें? दुकानांतलं डब्यातलं पाणी? अपशकून!"

नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हरिप्रियाचे डोळे भरले. आणि अलमेलूमामी खांबाला धरून उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. मागच्या वेळी तो फोन आला तेव्हा त्या अशाच उभ्या असतील, असं माझ्या मनात आलं.

तेव्हा मला कळलं, की ह्या पालिका शुद्ध आहेत हे सांगायला जगात एकच माणूस आहे. आणि तो माणूस अत्यंत खोटारडा आहे.

"ड्रिंक नाही!" मी ओरडले. "त्यात ड्रिंकचा थेंबही नव्हता! म्हणजे पहिले काही दिवस होता! नंतर नुसतं हळदीचं पाणी!"

"हळदीचं?" अत्यांनी कान पुढे केला.

"हो! ड्रिंक मी माझ्या पालिकांना घातलं! त्या सडल्या! मुंग्या आल्या, बुरशी आली! ह्यांना कळू नये म्हणून बाटलीत पाणी भरलं, रंगाला हळद टाकली! हे हळदीच्या पाण्यावर वाढलेत, मंगल पाण्यावर! पोरीला काही अपशकून नाही. सडले ते माझे, उगवले ते ह्यांचे. आणि मंदार, तू पैज हरलास, आणि अहो, तुम्ही जिंकलात, आणि मी... मी पंच होते!"

मंडप गप्प. एवढा गप्प, की मागे कोणीतरी पापड मोडला तो ऐकू आला.

शास्त्रीबुवांनी घड्याळ बघितलं. "हळद आहे ना? मग चालवा. मुहूर्त थांबत नाही."

तुळसीअत्यांनी पुन्हा वाकून बघितलं. "हळद असली तर बरें," त्या म्हणाल्या आणि शिंपडायला लागल्या. नादस्वरम सुरू झालं. हरिप्रियाने डोळे पुसले आणि, मी शपथेवर सांगते, तिला हसू फुटलं. खांदे हलत होते पोरीचे.

मी मागच्या खोलीत पळाले. तोंड कुठे लपवावं? तिथे मामी आल्या. मी त्यांचे पाय धरायलाच निघाले होते.

"मामी, मला माफ करा. मी तुमचा विश्वास—"

"ऐका," मामी म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या टोपलीवरचा फडका उचलला. आत पाच वाडगी. विखरून पेरलेलं, दाट, हिरवं, खरंखुरं नवधान्य.

"हें मी वरती देवघरांत घातलें होतें. तुम्हीं पालिका नेल्यात, त्याच दिवशीं."

"त्याच दिवशी? म्हणजे... मी नेण्याच्या आधी?"

"नंतर," मामी म्हणाल्या. "तुमच्या भोपळ्याची गोष्ट आठवली म्हणून."

"मग मला दिल्यात कशाला हो?"

"वीस बायकांसमोर मागितल्यात! नाहीं कसें म्हणूं?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुमच्या घरांत मुंग्या पाहिल्यावर मनाला स्वस्थ वाटलें. म्हटलें, आपण करून ठेवलें तें बरें केलें. आज सकाळीं ह्याच मांडायच्या होत्या. पण तुमच्या इतक्या सुंदर दिसल्या, म्हटलें, रत्नामामींचं मन कशाला मोडूं?"

म्हणजे बघा! माझं मन मोडू नये म्हणून त्या बाईने स्वतःच्या नातीच्या लग्नात माझं खोटं मांडलं. मी आजवर माझ्या कुठल्याच थापेने इतकी ओशाळले नव्हते, जेवढी त्या बाईच्या चांगुलपणाने ओशाळले. केळीच्या पानावर पायसम वाढलं, तर ते मला खाली उतरेना. दोनदाच घेतलं.

घरी जाताना टॅक्सीत मंदार खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "खोका परत पाठवतो, आजोबा. पैज ती पैज. आणि तसंही, आजी, तुमच्या पालिकांचं काय झालं ते ऐकल्यावर... माझ्या पोटाचा विचार आला."

"सोडलंस की डोकं दुखेल चार दिवस," हे म्हणाले. "मी सोबत बसेन."

आजोबा-नातवाने हातात हात दिला. मला वाटलं, आता माझं थोडं तरी कौतुक व्हायला हरकत नाही. शेवटी सगळं माझ्यामुळेच ना? मी घसा साफ केला. "मिरजेला एकदा—"

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी मिरज तिथेच सोडली.

अड्यारचा पूल आला, तेव्हा ह्यांनी खिशातून पेन काढलं. आवाजात राग नव्हता. उलट कित्येक दिवसांनी डोळ्यांत चमक होती, प्रयोगशाळेत असायची तशी.

"अगं, एक सांग. ती हळद. नुसत्या पाण्यावरच्यांपेक्षा उंच वाढले ते. बुरशीचा मागमूस नाही. हे पुन्हा करून बघायला पाहिजे, नीट. दर बाटलीला किती घातलीस? ग्रॅममध्ये. आणि खरं सांग."

मी खूप आठवलं हो. डोळे मिटून आठवलं. चिमूट होती, की दोन? पहिल्या दिवशी जास्त की तिसऱ्या? काही, काही म्हणून आठवेना!

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने माझ्याकडे खरं मागितलं, आणि मेलं, तेच नेमकं माझ्याकडे नव्हतं.